हेब्बारांचं शेवटचं कार्ड

आमच्या ऑफिसात अनंतकृष्ण हेब्बार कुणालाच आवडत नसत, आणि यात ऑफिसची काही चूक होती असं मला अजूनही वाटत नाही.

हेब्बार आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. बस कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं यंत्र ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते आम्ही बनवतो. लिहिणारा मुख्य माणूस लोहित गौडा, मंड्याचा, फाटक्या तोंडाचा. त्यानं लिहिलेलं कुठे मोडतं ते बघायला मी, शाल्मला. बाकी आणखी आठ-दहा जण आहेत, स्वभावानं चांगले आहेत, पण काही झालं की मान खाली घालून कीबोर्ड बडवायचा एवढंच त्यांनी शिकून घेतलंय.

रोज सकाळी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर सगळ्यांनी उभं राहायचं. बसायचं नाही, कारण बसलं की माणसं बोलत सुटतात, असं हेब्बारांचं मत. पडद्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, कार्डावर एकच नाव आणि एकच तारीख. ज्याचं नाव त्यानंच ते कार्ड पुढच्या रकान्यात सरकवायचं, दुसऱ्याचा हात लागायचा नाही, साहेबाचासुद्धा. तारखेच्या दिवशी संध्याकाळी सहाला कार्ड शेवटच्या रकान्यात नसलं की ते आपोआप लाल व्हायचं. मग काम दुसऱ्या दिवशी पुरं केलं तरी लाल ते लालच, कायमचं तुमच्या नावावर. माझ्या नावावर अशी बरीच होती. लोहितच्या नावावर तर इतकी, की त्याला आम्ही कुंकवाचा कारखाना म्हणायचो. हेब्बारांच्या नावावर एकही नव्हतं. इतक्या वर्षांत एकही नाही.

लोहितच्या बहिणीचं लग्न होतं तेव्हा त्यानं तीन दिवस सुट्टी मागितली. हेब्बारांनी त्याला पडद्यासमोर उभं केलं, कामांच्या पट्ट्यांचा तक्ता उघडला आणि त्यातली जाड रेघ दाखवली. "ही मुख्य वाट. या वाटेवरचं काम एक दिवस सरकलं की शेवटची तारीख एक दिवस सरकते. तुझं काम वाटेवर आहे. बहिणीचं लग्न वाटेवर नाही." हे त्यांनी आवाज न चढवता, अगदी समजुतीनं सांगितलं. लोहित मांडवात पोचला तेव्हा जेवणाच्या पंगती उठत होत्या. बहिणीच्या पाठवणीला रडायचं सोडून तो रसमच्या भांड्याशेजारी उभा राहून फोनवर कोणाला तरी शिव्या देत होता, असं त्याच्याच आईनं मला सांगितलंय.

कंत्राटावरच्या लोकांसाठी हेब्बारांनी आणखी एक सोय केली होती. त्या माणसाचं शेवटचं कार्ड "झालं"मध्ये गेलं की त्याच क्षणी मनुष्यबळ खात्याला निरोप जायचा, त्याचं खातं बंद व्हायचं, दाराचं ओळखपत्र चालेनासं व्हायचं, विम्याच्या यादीतून नाव गळायचं. सगळं आपसूक. काम नसलेला माणूस एक तासही फुकट बसायला नको. आमच्याकडे रेणुका म्हणून एक पोरगी होती, तिनं दुपारी शेवटचं कार्ड सरकवलं आणि चेहरा धुवायला बाहेर गेली. परत आली तर दार उघडेना. तिच्या निरोपाचा केक आत टेबलावर होता. आम्ही तो काचेच्या दारातून तिला दाखवला, ती हसली, आणि शेवटी पहारेकऱ्यानं तिची पर्स बाहेर नेऊन दिली.

असे हेब्बार. त्यामुळे प्रभंजन राव नवे साहेब म्हणून आले आणि त्यांनी हेब्बारांकडे वाकड्या नजरेनं बघायला सुरुवात केली, तेव्हा आमच्यातल्या कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

प्रभंजन राव म्हणजे लोण्यात घोळलेला माणूस. कुणाला अरे म्हणणार नाही, कुणाला काढून टाकायचं असलं तर स्वतःच्या तोंडानं सांगणार नाही. त्यांनी एके दिवशी सगळ्यांना बोलावलं. "आपलं काम कुठं अडतं ते आपण सगळे मिळून शोधू या. कुणाचं नाव घ्यायचं नाही हं. फक्त जागा शोधायची." भिंतीवर लांबलचक कागद लावला. बस कंपनीची मागणी येते तिथपासून ती बसमध्ये पोचते तिथपर्यंत प्रत्येक पायरी त्यावर काढायची, आणि काम जिथं पडून राहतं तिथं लाल टिकली चिकटवायची. कागद हेब्बारांनीच आणला होता. टिकल्या त्यांनीच वाटल्या. चिकटपट्टीचे तुकडेसुद्धा त्यांनीच सारखे कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवले होते.

सगळ्या टिकल्या एकाच चौकोनावर पडल्या: हेब्बारांची मंजुरी. लोहितनं आपली टिकली लावून वर अंगठ्यानं दाबली. मीही तिथंच लावली, कारण काम तिथंच अडायचं.

प्रभंजन राव हाताची घडी घालून उभे होते. "मी एक शब्द बोललो नाही," ते म्हणाले. "टीमनंच सांगितलं." आणि हेब्बार चष्मा कपाळावर सारून कागदाच्या अगदी जवळ गेले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पद्धत बरोबर वापरली की उत्तर बरोबर येतं." मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला. रडावं, भांडावं, निदान पाणी तरी प्यावं माणसानं.

पुढच्या सोमवारी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं गेलं की ही जागाच आपण काढतोय, व्यक्तीविषयी आकस नाही. तुमची सगळी कामं लोहितकडे आणि शाल्मलाकडे जातील. आणि हा बदल नीट पार पडायला हवा, त्याचा प्लॅन तुमच्याशिवाय कोण करणार?

हेब्बारांनी केला. त्यांनी स्वतःला काढायचा असा देखणा प्लॅन केला की तसा दुसरा मी पाहिलेला नाही. कामांच्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या उतरत जात होत्या, कुठलं काम कशावर अडून आहे त्याचे बाण, कुठं किती सवड आहे त्याची फिकट रेघ. सगळ्यात शेवटचं कार्ड त्यांच्याच नावाचं होतं: लोहित कुणाच्याही मदतीशिवाय नवी आवृत्ती बसवर चढवतो. तारीख, महिन्याचा शेवटचा बुधवार. त्यापुढं छोटासा चौकोन आणि लिहिलेलं, "अ. हेब्बार मोकळे."

मग रोज सकाळी ते पडद्यासमोर उभे राहून याचा हिशेब द्यायला लागले. काल काय झालं, आज काय करणार, कुठं अडचण. अडचण नसायची.

"हेब्बार स्वामींचं काम जोरात आहे," लोहित खालच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, बाय-टू कॉफी दोन पेल्यांत ओतत म्हणाला. "गुरू, मी स्वतःचा खड्डा खणणारे पुष्कळ बघितले. पण हा वेळेआधी खणतोय, आणि वर मातीचा ढीग चौकोनी रचतोय."

आम्ही हसलो. मी पण हसले.

जलजाक्षी नसती तर मी हसतच राहिले असते. ही हेब्बारांची बायको, कुंदापुरची. नवरा जितका कोरडा तितकी ही ओलसर. गणपतीला तिच्या हातचे अळूच्या पानांचे पत्रोडे ऑफिसात यायचे, उन्हाळ्यात फणसाचे पापड. मी एकटी राहते हे कळल्यापासून माझा डबा वेगळा यायचा, वर चिठ्ठी, "हा लोहितला देऊ नको." चालताना तिची डावी टाच गेल्या काही महिन्यांपासून घासत होती. आधी चपलेला दोष दिला, मग गुडघ्याला. शेवटी कळलं की पाठीच्या मणक्यात गाठ आहे आणि ती नसेवर दाबतेय.

हे मला हेब्बारांनी सांगितलं, तेही एकदम नाही. एका संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि माझा पेन उचलून सरळ ठेवला.

"शाल्मला, तुम्हाला एक विचारायचंय. काम शिकवताना तुम्हाला थोडं... उशिरा समजलं तर चालेल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला लवकर समजतं. त्यात तुमचा दोष नाही. पण जरा उशिरा समजलं तर बरं होईल."

मला आधी हसू आलं. मग त्यांनी सांगितलं. गाठ काढणारे डॉक्टर चेन्नईहून इथल्या हॉस्पिटलात महिन्यातून एकदाच येतात. जलजाक्षीला तारीख मिळाली होती ती महिन्याच्या शेवटच्या गुरुवारची. प्लॅनमधलं शेवटचं कार्ड आदल्याच दिवशीचं, बुधवारचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी महिनाभर थांबलात तर दुसरा पायही जाईल, मग मी काही करू शकणार नाही. आणि ऑपरेशनचा सगळा भार कंपनीच्या विम्यावर. हेब्बारांच्या नावाबरोबर तिचं नाव यादीतून गळणार.

"प्रभंजन रावांना सांगा ना."

"सांगितलं. म्हटलं, शेवटच्या कार्डाची तारीख दोन दिवस पुढं न्या. प्लॅन केला तेव्हा डॉक्टरांची तारीख आली नव्हती." त्यांनी पेन पुन्हा सरळ केला. "ते म्हणाले, तारीख हलवायची? तुम्ही? मग मी बाकीच्यांना कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

"आणि तो मोकळं करायचा नियम? तो तर कंत्राटवाल्यांना होता!"

"ते म्हणाले, नियम चांगला आहे, सगळ्यांनाच लावू या."

"मेल्याला किडे पडोत," मी म्हटलं. हेब्बारांनी आजूबाजूला कुणी ऐकलं का ते बघितलं. अशा वेळीसुद्धा.

मग मी मठ्ठ झाले. माणसानं ठरवलं की किती मठ्ठ होता येतं हे मला त्या पंधरवड्यात कळलं. हेब्बार शिकवायचे, मी मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यासमोर सगळ्यांदेखत म्हणायची, "सर, कालचं पुन्हा एकदा सांगाल का?" प्रभंजन राव माझ्याकडे बघून गोड हसायचे. पण माझ्या मठ्ठपणानं माझीच कार्डं रेंगाळत होती. शेवटचं कार्ड लोहितच्या कामावर होतं, आणि लोहित भराभर शिकत होता, कारण त्याला हेब्बार गेलेले बघायचे होते.

शेवटी मी त्याला दर्शिनीत गाठला आणि सगळं सांगून टाकलं. हेब्बारांनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं. मी त्यांचं ऐकलं नाही.

लोहितनं तांदळाच्या अक्की रोट्टीचा तुकडा तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला. "अय्यो, त्या पत्रोडेवाल्या मावशींना?"

"हो."

"मग आता काय करायचंय?"

"काही नाही. बुधवारी नवी आवृत्ती चढव. ती तर चढवावीच लागेल, बस कंपनीला शब्द दिलाय. पण ते कार्ड त्यांच्या नावाचं आहे. त्यांनी ते सरकवलं नाही की झालं. गुरुवारी संध्याकाळी ऑपरेशन आटोपलं की सरकवू देत."

"म्हणजे लाल होणार."

"होऊ दे ना!"

लोहित कॉफी हलवायला लागला. "अक्का, एक दिवस लाल राहिल्यानं माणूस मरत नाही. मला विचार. पण ते जमेल का त्यांना?"

"बायकोचे पाय आहेत लोहित."

"माझ्या बहिणीवर अक्षता पडल्या तेव्हा मी नव्हतो," लोहित म्हणाला. "तेव्हा मला कुणी विचारलं नाही कुणाचं काय आहे ते." पण मग त्यानं उरलेली रोट्टी कागदात गुंडाळली आणि म्हणाला, "जा, सांग त्यांना. मी तोंड उघडणार नाही."

बुधवारी सकाळपासून हेब्बार हॉस्पिटलात होते. जलजाक्षीला दुपारी भरती केलं. इकडे लोहितनं नवी आवृत्ती चढवली. मध्येच एका आगारातली यंत्रं तिकिटावर उद्याची तारीख छापायला लागली. एरवी लोहितनं पहिला फोन हेब्बारांना लावला असता. त्या दिवशी त्यानं फोन उचलून पुन्हा खाली ठेवला, बाह्या सारल्या आणि एकट्यानं दुरुस्त केलं. चार वाजता सगळ्या बस सुरळीत चालू. कार्डावर लिहिलेलं काम अक्षरशः पार पडलं होतं, कुणाच्याही मदतीशिवाय. प्रभंजन राव येऊन लोहितची पाठ थोपटून गेले.

मी रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं. हेब्बार तळमजल्याच्या कँटीनमध्ये बसले होते, समोर निवलेली कॉफी आणि फोन. फोनवर आमचा कार्डांचा बोर्ड उघडा.

"झालंय सगळं," मी म्हटलं. "बस चालू आहेत. तुम्ही फक्त उद्या संध्याकाळपर्यंत फोनला हात लावू नका."

"बघितलं मी. लोहितनं छान केलं. तारखेची चूक त्यानं कशी शोधली?"

"ते मरू दे. विम्याचं काय?"

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. विमा कंपनीची मंजुरी सोमवारीच आली होती. शिक्का, सही, रक्कम, सगळं. त्यांनी तो मला वाचायला दिला आणि मी वाचत असताना तोच कागद समोरून उलटा पुन्हा वाचला.

तेवढ्यात फोन वाजला. प्रभंजन राव. हेब्बारांनी तो कानाला लावला, पण कँटीनमध्ये शुकशुकाट होता आणि साहेबांचा आवाज मला नीट ऐकू येत होता.

"कशा आहेत वहिनी? बरं. हे बघा, त्रास द्यायचा नव्हता. मी तुमचं शिफारसपत्र लिहायला बसलोय. फार सुंदर लिहिलंय. लिहिलंय की एवढ्या वर्षांत एकही तारीख चुकली नाही. आणि सहज बोर्ड बघितला, तर तुमचं शेवटचं कार्ड अजून चालूतच. काम झालंय म्हणे?"

"हो, झालंय."

"तेच. सहा वाजता लाल होईल. मग मला ते वाक्य काढावं लागेल. म्हणजे मला वैयक्तिक काही नाही हं. राहू दे तुम्हाला वाटत असेल तर. शेवटी शेवटी होतं असं माणसाचं. मी पोरांना सांगेन, हेब्बारांच्या मनावर ताण होता."

हेब्बारांनी समोरचा कप सरळ केला.

"काम झालंय आणि बोर्डावर झालं नाही, याला तुम्ही काय म्हणायचात हो? मी विसरलो तो शब्द."

"खोटा बोर्ड," हेब्बार म्हणाले.

"हां. बरं, वहिनींना सांगा काळजी करू नका म्हणून." फोन बंद झाला.

मी त्यांचा फोन टेबलावरून माझ्याकडे ओढला. "तो तुम्हाला खेळवतोय. त्याला या महिन्यात एक पगार कमी करून दाखवायचाय. त्याला सगळं माहीत आहे, ऑपरेशन, तारीख, सगळं."

"ते मला कळतं."

"मग?"

"मंजुरी आलेली आहे, शाल्मला. मंजुरी दिल्यावर परत घेतात का? सोमवारी दिलेली आहे. तेव्हा मी कामावर होतो." ते मला नाही, त्या कागदाला समजावत होते. "म्हणजे आता कार्ड सरकलं तरी या ऑपरेशनचा त्याच्याशी संबंध उरत नाही. दोन वेगळ्या वाटा आहेत."

"आणि असला संबंध तर? कशाला ती परीक्षा? एक कार्ड लाल झाल्यानं काय होणार आहे तुमचं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना भर कँटीनमध्ये कपडे उतरवायला सांगितलं होतं. मग चष्मा पुसला. "नाही करत," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. नाही करत."

"शपथ?"

"शपथ."

मी त्यांचा फोन परत दिला. वर जाऊन जलजाक्षीला भेटले. ती पलंगावर बसून शेजारच्या बाईला नीर दोसाचं पीठ किती पातळ हवं ते सांगत होती. मला बघून म्हणाली, "अगं, यांनी काही खाल्लं का? उद्या येताना यांच्यासाठी इडल्या आण बाई, हे इथलं खाणार नाहीत." मी हो म्हटलं. तिचा डावा पाय चादरीबाहेर आला होता, मी आत घातला. तिला ते कळलं नाही.

खाली आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून गेले होते. हेब्बारांनी निवलेली कॉफी पिऊन टाकली होती. त्यांचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा स्वच्छ दिसत होता. मी विचारलं नाही. त्यांनी फोन पालथा ठेवलेला होता आणि त्यावर आपला हात.

मला त्या क्षणी त्यांना थोबाडीत मारावीशी वाटली. आमच्या धंद्यातच अशी माणसं तयार होतात. दुसरा कुठलाही माणूस, अगदी चोरसुद्धा, बायकोसाठी एक दिवस खोटं वागला असता. मी पर्स उचलली आणि काही न बोलता निघून आले. वाटेत मी स्वतःला समजावत होते की मंजुरी आलेलीच आहे.

सकाळी इडल्यांचा डबा घेऊन पोचले, तेव्हा हेब्बार विम्याच्या खिडकीशी उभे होते. आतली मुलगी लहान वयाची होती, नाकात चमकी, वागायला नम्र.

"सर, मंजुरी होती, मी नाही म्हणत नाही. पण पहाटे रद्द झाल्याचा निरोप आलाय. सभासदाचं नाव यादीत नाही असं दाखवतंय. काल सायंकाळपासून."

"पण मंजुरी सोमवारची आहे."

"सर, ऑपरेशनच्या दिवशी नाव असावं लागतं. पूर्ण रक्कम भरलीत तर आम्ही आत्ता घेऊ. डॉक्टर साडेआठला सुरू करतात."

रक्कम तिनं कागदावर लिहून सरकवली. हेब्बारांनी तो आकडा बघितला आणि खिडकीच्या कठड्याला धरलं. त्यांचं घर आधीच बँकेकडे होतं, ते मला जलजाक्षीनं कधीतरी सांगितलेलं.

मी लोहितला फोन लावला. "ते कार्ड मागं ओढ. आत्ताच्या आत्ता. चालूमध्ये टाक."

"ओढतोय अक्का, केव्हाचा ओढतोय," लोहितचा आवाज फाटला होता. त्याला सकाळी बोर्ड उघडताच कळलं होतं. "सरकत नाही. ज्याचं नाव त्यालाच हलवता येतं, आणि त्यांचं खातंच बंद झालंय. मी प्रभंजनकडे गेलो. तो म्हणतो, वाईट झालं, पण कार्ड हेब्बारांनी स्वतःच्या हातानं सरकवलं, मी तर राहू दे म्हटलं होतं. अक्का, मी त्याच्या केबिनचं दार लाथेनं..." पुढचं मला ऐकू आलं नाही. मी फोन ठेवला.

हेब्बारांनी प्रभंजन रावांना फोन लावला. तो कुणी उचलला नाही. मग त्यांनी भावाला लावला, मग मेहुण्याला. मी बँकेत जेवढं होतं तेवढं सांगितलं. ते त्या आकड्यापुढं हसण्यासारखं होतं. साडेआठ वाजले. खिडकीतली मुलगी वर फोन करून हळू आवाजात काही बोलली, आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "सर, डॉक्टरांनी पुढचा पेशंट घेतलाय. त्यांना संध्याकाळची गाडी आहे. पुढच्या महिन्याची तारीख देऊ का?"

"द्या," हेब्बार म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढला. मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतला आणि तारीख मीच लिहून घेतली.

आम्ही वर गेलो. जलजाक्षीला पहाटेच गुंगीची गोळी दिली होती, हिरवा झगा घालून ढकलगाडीवर थिएटरच्या दारापर्यंत नेलं होतं, आणि आता दोघं वॉर्डबॉय तिला परत पलंगावर उचलून ठेवत होते. डोक्याला टोपी तशीच होती. आम्ही आत शिरलो तशी तिनं डोळे किलकिले केले.

"आलात?" ती जड जिभेनं म्हणाली. "किती घाबरवलं होतं हो सगळ्यांनी. कळलंसुद्धा नाही मला." तिनं हात पाठीमागं न्यायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावरच पडला. "काहीच दुखत नाही."

हेब्बार पलंगाशी उभे होते.

"आटोपलं ना सगळं?" तिनं विचारलं.

"हो," हेब्बार म्हणाले.

"मग मला खायला द्या काहीतरी. कालपासून उपाशी ठेवलंय." तिनं माझ्याकडे बघितलं. "शाल्मला, तू इडल्या आणल्यास ना?"

मी हेब्बारांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी खुर्ची ओढून तिच्या पलंगाशी बसले आणि डबा उघडला.